पेन, पंडुम आणि पाषाण : हेमलकसाच्या अरण्यातील माडिया परंपरा

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता सागवानाच्या दाट अरण्यातून जातो. या रस्त्यावर भामरागडच्या तीन किलोमीटर अलीकडे हेमलकसा हे गाव लागते. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात केली. त्यानंतर डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी येथे आयुष्य वेचले, आणि २००८ मध्ये या दाम्पत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. ज्या लोकांसाठी हे कार्य उभे राहिले, त्या माडिया गोंडांची ओळख मात्र शहरी वाचकाला बहुधा रुग्ण, कुपोषित बालक किंवा हिंसाचारात होरपळलेला ग्रामस्थ एवढीच असते. त्यांचा धर्म कोणता, त्यांची कला कशी, सृष्टीविषयी आणि समाजाविषयी त्यांनी कोणते विचार पिढ्यान्पिढ्या जपले, याची माहिती क्वचितच दिली जाते. या लेखात त्या परंपरांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे.

कोण हे माडिया?

गोंड ही मध्य भारतातील एक मोठी आदिवासी जमात. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण आणि ओडिशा या राज्यांत ती विखुरलेली आहे. माडिया ही तिचीच एक शाखा. महाराष्ट्रात माडियांची वस्ती मुख्यतः गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड, एटापल्ली आणि अहेरी या तालुक्यांत आहे. छत्तीसगडच्या अबूझमाड या डोंगराळ प्रदेशात त्यांचे सगेसोयरे राहतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडत असे.

केंद्र सरकारने ज्या जमातींना प्रथम ‘आदिम’ आणि नंतर ‘विशेष असुरक्षित’ आदिवासी गट असे संबोधले, त्यांपैकी तीन महाराष्ट्रात आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. चंद्रपूरला शतकानुशतके गोंड राजांचे राज्य होते. त्यांनी किल्ले बांधले, तलाव खोदले. १७५१ मध्ये ते राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. तथापि अरण्याच्या आतल्या भागातील माडिया गावांचे दैनंदिन जीवन राजधानीपेक्षा आपल्या गावाच्या रूढींनुसारच चालत राहिले.

माडियांची भाषा द्राविड कुळातील आहे. मराठी माणसाला ती अनोळखी वाटते. तेलुगू जाणणाऱ्यास तिच्यातील काही शब्द ओळखीचे वाटतात. ‘येर’ म्हणजे पाणी, ‘मारा’ म्हणजे झाड, ‘कल’ म्हणजे दगड, ‘नार’ म्हणजे गाव आणि ‘पेन’ म्हणजे देव. या पाच शब्दांभोवती माडियांचे बहुतेक सारे धर्मजीवन फिरते, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

लिंगोची कथा

गोंडांच्या सर्व शाखांमध्ये ज्या संस्कृतिपुरुषाचे नाव आदराने घेतले जाते तो म्हणजे लिंगो, अर्थात पहांदी पारी कुपार लिंगो. या कथेचा पहिला विस्तृत लिखित पाठ नागपुरात तयार झाला. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधान गायकाकडून ही दीर्घ गाथा ऐकून टिपून घेतली. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट; वंशावळी आणि देवकथा मुखोद्गत ठेवणे हे त्यांचे कार्य. १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप नदीत बुडून मरण पावले. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले आणि ही गाथा छापील रूपात जगापुढे आली.

कथेचा सारांश असा : आद्य गोंड गुहेत कोंडले गेले. त्यांच्यातील चार जण निसटले आणि रानात भटकू लागले. फुलापासून जन्मलेला लिंगो त्यांना भेटला. त्याने त्यांना रान तोडून शेत करणे शिकविले, अग्नी मिळवून दिला, भोपळ्याचे तंतुवाद्य करून संगीत दिले. पुढे खोट्या आरोपावरून याच भावांनी लिंगोला ठार मारले. देवांनी अमृत पाठवून त्यास पुन्हा जिवंत केले. एवढे होऊनही त्याने गुहेतील गोंडांची सुटका केली, त्यांची कुळांत विभागणी केली, विवाहाचे नियम घालून दिले आणि कार्य संपताच तो देवांमध्ये निघून गेला.

या कथेत लक्षात घेण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की येथील संस्कृतिपुरुष मुख्यतः शिक्षक आहे. त्याचा पराक्रम राज्य जिंकण्यात नसून शेती, अग्नी, संगीत आणि नातेसंबंध देण्यात आहे. दुसरी गोष्ट अशी की ज्यांनी त्याचा घात केला, त्यांच्याच भाऊबंदांना तो मुक्त करतो. समाज सुडावर उभा राहत नाही, हा विचार कोणत्याही प्रवचनाशिवाय कथेतून पुढच्या पिढीकडे जातो.

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड येथील विशाल गुहा हेच लिंगोच्या कथेतील मुक्तिस्थान, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेस तेथे अनेक राज्यांतून भाविक येतात. नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा, लिपी आणि धर्मविचार यांवर विपुल लेखन करून ही परंपरा शिक्षित गोंड तरुणांपर्यंत पोहोचविली. लिंगोच्या बरोबरीने जंगो रायताड या मातृस्वरूप देवीलाही या परंपरेत मानाचे स्थान आहे.

देवांची संख्या आणि माणसांची नाती

माडियांच्या धर्मात मंदिर, मूर्ती आणि ग्रंथ यांना फारसे स्थान नाही. गावाची भूमी हीच माता. तिला तल्लूर म्हटले जाते. प्रत्येक कुळाचा स्वतंत्र पेन असतो. त्याचे स्थान एखाद्या झाडाखाली, डोंगरावर किंवा देवराईत असते आणि लाकडी चौकट, मोरपिसे, घंटा किंवा साधा दगड अशा रूपांत त्याचे अस्तित्व मानले जाते. जत्रेच्या वेळी एका कुळाचा पेन दुसऱ्या गावच्या पेनाच्या भेटीस जातो. देवांनाही नातीगोती असतात, ते परस्परांचे पाहुणे होतात, ही कल्पना माडियांना अगदी स्वाभाविक वाटते.

या धर्मरचनेचा सर्वांत व्यवहारोपयोगी भाग म्हणजे देवांच्या संख्येवरून होणारे वर्गीकरण. नालुंग म्हणजे चार, सयुंग म्हणजे पाच, सारुंग म्हणजे सहा आणि येरुंग म्हणजे सात. चार देव मानणारे, पाच देव मानणारे, सहा देव मानणारे आणि सात देव मानणारे अशा गटांत कुळे विभागलेली असतात. एकाच गटातील सर्व माणसे परस्परांची भावंडे. त्यांच्यात विवाह निषिद्ध. एका बाजूस ‘दादाभाई’ म्हणजे भाऊबंद आणि दुसऱ्या बाजूस ‘अकोमामा’ म्हणजे ज्यांच्याशी सोयरीक होऊ शकते असे लोक, अशी समाजाची दुहेरी मांडणी आहे. अनोळखी गावात गेलेला माडिया आपले कुळ सांगतो, त्यावरून त्याचे देव कळतात आणि आपण याला भाऊ मानायचे की मेहुणा, हे यजमानाला तत्काळ समजते. लिखित नोंदी नसलेल्या समाजाने जवळच्या रक्तसंबंधांतील विवाह टाळण्यासाठी उभारलेली ही पद्धत स्मरणास सोपी आणि आचरणास काटेकोर आहे.

कुळाशी एखादा प्राणी, पक्षी किंवा वृक्षही जोडलेला असतो. त्यास इजा करावयाची नाही, त्याचे मांस खावयाचे नाही, असा दंडक असतो. हे देवक मराठी वाचकास नवे वाटू नये. लग्नात आंब्याची किंवा उंबराची डहाळी देवक म्हणून बसविण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे आणि तिचे नाते अशाच प्राचीन कल्पनांशी पोहोचते.

पंडुम : न खाण्याचे शास्त्र

माडियांच्या सणाला ‘पंडुम’ म्हणतात. वर्षभराचे पंडुम पाहिले तर ते अरण्याच्या दिनदर्शिकेप्रमाणे येतात. पेरणीपूर्वी बियाण्याचा विज्जा पंडुम, आंब्याचा मरका पंडुम, मोहफुलांचा इरुप पंडुम, नव्या धान्याचा पंडुम. गावागणिक नावांचे उच्चार थोडे बदलतात, तत्त्व मात्र एकच. ज्या फळाचा, फुलाचा वा धान्याचा पंडुम झालेला नाही, ते खावयाचे नाही. गावच्या भूमीला आणि पूर्वजांना पहिला वाटा दिल्यानंतरच सर्वांना ते मोकळे होते. पंडुमचा दिवस गावाने एकत्र बसून ठरवायचा असतो आणि पूजेचा मान गावच्या परंपरागत पुजाऱ्याचा असतो. त्यास ठिकाणपरत्वे पेरमा, गायता किंवा भूमिया म्हणतात.

बाहेरच्या माणसाला हा निषेध अंधश्रद्धेसारखा वाटेल. मात्र त्याचा परिणाम पाहावा. आंबा पिकण्यापूर्वी ओरबाडला जात नाही, कोय पक्व होते आणि काही कोया रानातच रुजतात. पहिला बहर कोणा एका घराने लुटून न्यावा आणि इतरांच्या वाट्यास काहीच येऊ नये, असेही घडत नाही. अरण्यातील उपज सर्वांची असल्यामुळे ती केव्हा घ्यावी, हेही सर्वांनी मिळून ठरवायचे. सामाईक संसाधनाचा विनाश कसा टाळावा, हा आधुनिक अर्थशास्त्रातील एक गाजलेला प्रश्न आहे. माडियांनी त्याचे उत्तर सणाच्या रूपात जपले आहे.

शेतीच्या बाबतीतही हेच दिसते. डोंगरउतारावरील झुडपे तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत कोसरा व इतर भरड धान्ये पेरायची आणि काही वर्षांनी ती जागा पडीक सोडून दुसरीकडे जायचे, या फिरत्या शेतीस माडिया ‘पेंडा’ म्हणतात. ब्रिटिश काळापासून वनखात्याने तिच्यावर निर्बंध घातले आणि आज महाराष्ट्राच्या बाजूस बहुतेक गावे स्थिर भातशेतीकडे वळली आहेत. जमीन विपुल आणि माणसे थोडी होती तोवर रान पुन्हा वाढण्यास या पद्धतीत अवकाश मिळत असे. तो अवकाश संपताच तीच पद्धत रानास भारी पडते. एखादी परंपरा ज्या परिस्थितीत शहाणपणाची ठरते, ती परिस्थिती बदलल्यास शहाणपणाचे स्वरूपही बदलावे लागते, याचे हे बोलके उदाहरण होय.

गोटूल

माडिया संस्कृतीविषयी सर्वाधिक गैरसमज ज्या संस्थेमुळे पसरले ती म्हणजे गोटूल. व्हेरियर एल्विन यांचा बस्तरमधील मुरियांच्या घोटुलावरील ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुरियांच्या घोटुलात चेलिक म्हणजे तरुण आणि मोटियारी म्हणजे तरुणी एकत्र राहत. एल्विन यांनी या संस्थेचे वर्णन गांभीर्याने आणि सहानुभूतीने केले होते. नंतरच्या अनेकांनी मात्र त्यातील तेवढाच भाग उचलून चटकदार लेखन आणि छायाचित्रे यांचा बाजार मांडला.

डोंगरी माडियांचे गोटूल यापेक्षा वेगळे आहे. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बस्तरच्या माडियांवरील ग्रंथात नोंदविल्याप्रमाणे येथे अविवाहित मुलगेच रात्री झोपत. मुली नृत्यासाठी येत आणि घरी परतत. हेच गोटूल गावाची पंचायत, पाहुण्यांची धर्मशाळा आणि तरुणांची शाळाही असते. वाद्य कसे वाजवावे, शिकारीत कोणी कोठे उभे राहावे, म्हाताऱ्यांना सरपण कोणी आणून द्यावे, भांडण कसे मिटवावे, याचे शिक्षण येथे मिळते. ‘रेला’ या पालुपदाभोवती गुंफलेली गाणी आणि हातात हात गुंफून गोलाकार होणारी नृत्ये ही या प्रांगणाची देणगी. मुरियांच्या श्रद्धेनुसार गोटुलाचा संस्थापकही लिंगोच. तो एकाच वेळी अठरा वाद्ये वाजवीत असे, अशी कथा एल्विन यांनी नोंदविली आहे.

गोटुलाचे सामर्थ्य गडचिरोलीतील एका गावाने आपल्या काळात दाखवून दिले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव. गावातील सर्व निर्णय सर्वांनी एकत्र बसून, सर्वांच्या संमतीने घ्यायचे, हा गोटुलातील जुना संकेत या गावाने ग्रामसभेच्या कामकाजात आणला. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. २०११ मध्ये तेथील बांबूच्या विक्रीचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.

दगड आणि लाकूड

भामरागड परिसरात हिंडताना गावाबाहेर, वाटेच्या कडेला उभे केलेले दगड दिसतात. काही गुडघाभर उंच, काही पुरुषभर. हे मृतांचे स्मारक होय. उभ्या दगडास ‘उरसकल’ म्हणतात. मृत व्यक्तीचा आत्मा म्हणजे ‘हनाल’. योग्य विधी झाल्यावर तो भरकटत नाही, तर पूर्वजांच्या समूहात सामील होतो आणि कुळाचे रक्षण करतो, अशी श्रद्धा आहे. दगड उभारण्याच्या प्रसंगी नातलग गावे जमतात, बळी दिला जातो, सामुदायिक भोजन आणि नृत्य होते. काही ठिकाणी दगडाऐवजी कोरीव लाकडी स्तंभ उभारतात. बस्तरच्या बाजूस अशा स्तंभांवर वाघ, हरिण, पक्षी, नर्तकांची रांग, सूर्य-चंद्र कोरलेले आढळतात. अलीकडच्या स्मारकांवर सायकल आणि मोटारही दिसते. मृताला जीवनात जे प्रिय होते ते त्याच्या स्मारकावर यावे, एवढा साधा नियम त्यामागे आहे.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने या दगडांचे मोल असाधारण आहे. नागपूरजवळच्या जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा आणि नायकुंड येथे लोहयुगीन शिलावर्तुळे आहेत. नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे उत्खनने केली. मृतांसोबत पुरलेली लोखंडी हत्यारे, घोड्यांचे अवशेष आणि नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी त्यांतून उजेडात आली. ही स्मारके सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची. ती उभारणारे लोक माडियांचेच पूर्वज होते, असे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु मृतासाठी मोठा दगड उभारण्याची रीत ज्या प्रदेशात एवढी जुनी आहे, त्याच प्रदेशाच्या एका टोकास ती आजही जिवंत आहे, ही गोष्ट अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे. मूक झालेल्या शिलावर्तुळांभोवती काय घडत असेल, याची कल्पना करण्यास उरसकलचा विधी साहाय्यभूत होतो.

माडिया कलेचा दुसरा पट माणसाच्या अंगावर उमटलेला असतो. जुन्या पिढीतील स्त्रियांच्या चेहऱ्यावर, हातांवर आणि पायांवर गोंदणाच्या रेषा व ठिपके दिसतात. दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे मेल्यानंतरही सोबत येते, अशी त्यामागची समजूत. मण्यांच्या माळा, बांबूच्या विणकामाच्या टोपल्या, मासे पकडण्याचे सापळे, कोरीव फण्या या वस्तू उपयोगाच्या असून त्यांतच सौंदर्य साधलेले असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शहरांतील कलादालनांत ‘गोंड चित्रकला’ म्हणून जी ठिपक्यांची व रेषांची रंगीत चित्रे मिळतात, ती माडियांची नव्हेत. मध्य प्रदेशातील पाटनगढ येथील परधान गोंड कलावंत जनगढसिंह श्याम यांच्यापासून ती शैली विकसित झाली. १९८० च्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवनाशी संबंधित चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्यांना पुढे आणले. २००१ मध्ये जपानमध्ये जनगढसिंह यांचा मृत्यू झाला. गोंड हे एकच नाव असले तरी त्याखाली अनेक स्वतंत्र परंपरा नांदतात, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

दुसरी बाजू

कोणत्याही संस्कृतीचे वर्णन केवळ गौरवाच्या सुरात करणे हे तिच्यावर अन्याय करण्यासारखेच आहे. मासिक पाळीच्या काळात स्त्रीला गावाबाहेरच्या अपुऱ्या झोपडीत, म्हणजे ‘कुर्मा’ घरात, राहावे लागते. पावसाळ्यात सापाविंचवाचे भय, आजारपण आणि एकटेपणा यांमुळे ही प्रथा अनेकींना जाचक ठरली आहे. अलीकडे काही गावांत या झोपड्यांच्या जागी पक्क्या, स्वच्छ वास्तू उभारण्यात आल्या आहेत. प्रथाच संपावी की प्रथम तिच्यातील धोका दूर करावा, यावर कार्यकर्त्यांत आणि खुद्द माडिया स्त्रियांत चर्चा चालू आहे.

आजाराचे कारण देवाच्या रोषात किंवा करणीत शोधण्याची सवय हीदेखील या परंपरेचीच दुसरी बाजू. हेमलकसाच्या दवाखान्याला आरंभी याच समजुतींशी सामना करावा लागला. औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना माडिया भाषा शिकावी लागली. एकदा बरा होऊन गेलेला रुग्णच पुढच्या रुग्णांना घेऊन येऊ लागला. पुजाऱ्याची टिंगल करून हा विश्वास मिळाला नाही. लोकांच्या भाषेत, लोकांच्या चालीने, शांतपणे काम केल्याने तो मिळाला. शिकारीबाबतही तसेच घडले. मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिलू शिकाऱ्यांकडून धान्याच्या बदल्यात मागून घेतले गेले आणि त्यातून हेमलकसाचे प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. भुकेपोटी शिकार करणाऱ्यास दोष न देता त्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवण्याची ही रीत होती.

टोल्टेकांचा धडा

लिखित ग्रंथ नसलेल्या परंपरेचे पुढे काय होते, हे समजण्यासाठी मेक्सिकोतील टोल्टेक लोकांचे उदाहरण उपयुक्त आहे. इसवी सनाच्या सुमारे ९०० ते ११५० या काळात तुला या नगरीत त्यांचा उत्कर्ष झाला. पिसे असलेल्या सर्परूपी केत्सालकोआत्ल या देवतेची त्यांची उपासना आणि तुलाचे भव्य पाषाणयोद्धे प्रसिद्ध आहेत. त्यांच्यानंतर आलेल्या अॅझ्टेकांना टोल्टेकांचा एवढा आदर होता की त्यांच्या भाषेत ‘टोल्टेक’ हा शब्द कुशल कारागीर या अर्थाने रूढ झाला. परंतु टोल्टेकांनी स्वतःविषयी लिहिलेले काही आपल्यापर्यंत आलेले नाही. १५२१ मध्ये अॅझ्टेक राज्य स्पॅनिशांनी जिंकल्यानंतर बेर्नार्दिनो दे साहागुन यांच्यासारख्या धर्मोपदेशकांनी अॅझ्टेक वृद्धांकडून ऐकून ज्या आठवणी नोंदविल्या, त्यांतूनच टोल्टेकांचे चित्र उभे करावे लागते. त्यात इतिहास किती आणि दंतकथा किती, यावर संशोधकांत अद्याप वाद आहेत. दरम्यान १९९७ मध्ये डॉन मिगेल रुइझ यांनी ‘टोल्टेक शहाणपण’ या नावाने लिहिलेले जीवनोपदेशाचे पुस्तक जगभर लाखोंनी खपले. मूळ लोक बोलू शकत नाहीत, तेव्हा त्यांच्या नावाने कोणीही बोलू शकतो.

माडियांच्या बाबतीत हिस्लॉप, ग्रिगसन, एल्विन यांनी साहागुनसारखेच काम केले. त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी असलो पाहिजे. पण येथे एक मोठा फरक आहे. माडिया आज आपल्यासमोर आहेत. उरसकल का उभारला, हे सांगणारी म्हातारी अजून गावात आहे, आणि ते लिहून घेऊ शकणारी तिची नातही आता शाळेत जाते. हेमलकसा येथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या आश्रमशाळेतून आणि इतर शाळांतून शिकलेल्या माडिया मुलामुलींत आज डॉक्टर, वकील, शिक्षक आहेत. आपल्या लोकांविषयी आपण लिहावे, ही आकांक्षा त्यांच्यापैकी अनेकांत दिसते.

आज पणाला लागलेले

या आकांक्षेपुढील पहिली अडचण भाषेची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती. तरीही ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. तेलंगणातील गुंजाला गावी दुसऱ्या एका लिपीतील जुनी हस्तलिखिते आढळली. या दोन्ही लिप्यांना अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये संगणकाच्या युनिकोड प्रणालीत स्थान मिळाले. अर्थात अक्षरे उपलब्ध झाली तरी त्या भाषेत शिकविणारा शिक्षक आणि पाठ्यपुस्तक यांची उणीव कायम आहे. मराठी माध्यमातच शिकणाऱ्या माडिया मुलास घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवावी लागते आणि भाषेबरोबर पंडुमाची गाणी, औषधी वनस्पतींची नावे, नात्यांचे शब्दही मागे पडतात.

दुसरा प्रश्न भूमीचा. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे. दर वर्षी जानेवारीत परिसरातील गावे तेथे यात्रेस जमतात. १८५८ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढून २१ ऑक्टोबर रोजी चंद्रपूरच्या कारागृहात फासावर गेलेले बाबूराव शेडमाके यांची स्मृतीही या डोंगराशी निगडित आहे. याच डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. २००७ मध्ये खाणपट्टा दिला गेला आणि २०२१ पासून तेथे मोठ्या प्रमाणावर उत्खनन सुरू झाले. रोजगार, रस्ते आणि उद्योग यांची गरज जिल्ह्यास आहे, हे कोणीही नाकारणार नाही. मात्र ज्यांचा देव मंदिरात नसून डोंगरातच आहे, त्यांच्या दृष्टीने डोंगर हलविणे म्हणजे काय, याचाही विचार व्हावयास हवा. ओडिशातील नियमगिरी डोंगराबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. तेथील बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. आदिवासींचा धर्म आणि त्यांचा डोंगर यांचे नाते न्यायालयाने मान्य केल्याचे ते महत्त्वाचे उदाहरण ठरले. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला आपल्या रूढी व परंपरा जपण्याचा अधिकार देतो. २००६ चा वनहक्क कायदा विशेष असुरक्षित गटांना त्यांच्या संपूर्ण अधिवासावर हक्क सांगण्याची मुभा देतो. या तरतुदी कागदावरून गावापर्यंत कितपत पोहोचतात, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो. पूर्वी याच दुर्गमतेने माडियांच्या परंपरा सांभाळल्या. आता रस्ते, पूल, दूरध्वनी येत आहेत आणि ते आलेच पाहिजेत. रुग्णाला खाटेवरून चाळीस-पन्नास किलोमीटर वाहून आणण्याची वेळ कोणावरही येऊ नये. यापुढे या परंपरा टिकतील त्या दुर्गमतेमुळे नव्हे, तर माडिया तरुणांनी त्यांतील काय ठेवावे आणि काय सोडावे याचा निर्णय स्वतः घेतला म्हणूनच. तो निर्णय त्यांना गोटुलाच्या जुन्या रीतीने, सर्वांनी एकत्र बसून, घेता यावा एवढा अवसर उर्वरित समाजाने त्यांना दिला पाहिजे. हेमलकसास जाणाऱ्या वाचकाने प्रकल्प अवश्य पाहावा, आणि वाटेवर एखादा उभा दगड दिसल्यास क्षणभर थांबावे. तो कोणाचा तरी आजोबा आहे.